समृद्धीला वाचायला मीच शिकवणार

सोमवार, २ जुलै २०१२
नातीच्या शाळेत जाऊन आले. शिसारी आली. मोठ्या शिशूतली पोरं मातीचे साप वळत बसलेली. अक्षर एक नाही. वर्गाच्या वसुंधराबाई म्हणाल्या, आजी, आधी बोलू द्या, गोष्टी ऐकू द्या, बोटांत जोर येऊ द्या, अक्षरं मागून येतील. याचा पगार घेतात.
सून कोमल म्हणते, चारची शिकवणी लावू. म्हणजे दुपारची पोर माझ्याजवळ असते, तेही गेलं. मुळीच नको. महिन्याच्या आत वाचून दाखवेल.

मंगळवार, ३ जुलै
माझी पद्धत साधी. हे गेले तेव्हा पेपरात फोटोखाली चार ओळी आल्या. शेजारणीने वाचून दाखवल्या, मला पाठ झाल्या. मग त्यांच्यावर बोट फिरवत एकेक अक्षर ओळखलं. वय एकेचाळीस. शाळा नाही, माती नाही. समृद्धीलाही तेच पान.

शुक्रवार, ६ जुलै
घडाघडा वाचते! कोमल म्हणाली, आई, हे काय अभद्र, दुसरं काही द्या ना. देईन. सोमवारपासून.

गुरुवार, १२ जुलै
सोमवारी राहिलं. आधी पक्कं होऊ दे. मासेवाली जनी दारात आली, तिला ऐकवलं. म्हणाली, आमची पोरं आजून नाक पुसत नाय, नि तुमची मेलेल्यांची नावं घेते. जळते मेली.

शनिवार, २१ जुलै
पालकसभा. मीच सगळ्यांसमोर म्हटलं, हिला वाचायला द्या. भिंतीवर वाढदिवसांचा तक्ता होता, प्रत्येकाचा फोटो, खाली नाव. समृद्धीने पहिल्या फोटोखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, आर्यन, अल्पशा आजाराने दुःखद निधन. पुढच्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. आर्यनची आई रडायला लागली, त्याची आजी माझ्या अंगावर आली. पोर थांबेना. स्वतःच्या फोटोपाशी पोचली तेव्हा मीच तिचा हात ओढला.
बाई म्हणाल्या, पाठांतर छान आहे. पाठांतर म्हणे! असला तक्ता भिंतीवर लावतात कशाला?

सोमवार, २३ जुलै
शिकवणी लागली. सोडायला मीच गेले. शिकवणीची बाई कालची पोरगी. लक्ष ठेवायला आत बसणार होते. समृद्धी म्हणाली, आजी, तू घरी जा ना. मी शिकते, मग तुला शिकवते.
जिन्यात बसले. लोक बघत होते. बघू देत. सहाला सुटते.