पांघरुणाखालचे हात

सोमवार, ४

आले एकदाची! चौदा वर्षं वॉर्डात पायांचा भुगा होईपर्यंत उभी राहिले. इथे एकच पेशंट, चौथ्या मजल्यावर स्वतःची खोली, आणि टेबलावर सकाळपासून ऊन. सगळे मला ‘सिस्टर’ म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीला फोन करून सांगितलं की मी आता महाराणी झालेय. ती म्हणाली, महाराणी, जेवलीस का वेळेवर?

घर मात्र गमतीचं आहे. आत एकाही खोलीला दार नाही, न्हाणीघरालासुद्धा नुसता पडदा. भाऊंना बंद जागेत श्वास कोंडतो म्हणे. थोरल्या ताईंना कोळ्याची भीती, म्हणून सगळी कपाटं भिंतीपासून हातभर लांब उभी, जशी काही कपाटंच भिंतीवर रुसलीत. वहिनी, भाऊंची बायको, उंचीला भितात; गॅलरीतल्या कुंड्या पाण्यावाचून वाळून गेल्यात. आणि माझे पेशंट म्हणजे बाबा, भाऊ-ताईंचे वडील. हाड मोडलेलं नाही, लकवा नाही, तरी तीन वर्षं अंथरुणात. जमिनीवर पाऊल टेकलं की जमीन खाली जाईल असं त्यांना वाटतं. एकूण काय, या घरात भीतीची वाटणी अगदी चोख झालीय. बाबा बोलतात गोड. फक्त हात कायम पांघरुणाखाली. नाडी बघू देत नाहीत. बघू, लाडीगोडीने जमेल.

गुरुवार, ७

सकाळी स्वयंपाकघरातून किंकाळी. बेसिनमध्ये कोळी, नखाएवढा. ताई, पन्नाशीची बाई, ओट्यावर चढून बसलेल्या! मी कोळ्याला कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडलं आणि ताईंना खाली उतरवून त्यांचा हात धरून बसले. हात भट्टीसारखा तापला होता. दहा मिनिटांत गार पडला. मग त्या एकाएकी हसायलाच लागल्या. म्हणाल्या, एवढासा तर जीव, त्याला काय भ्यायचं? मला आपलं बरं वाटलं.

शुक्रवार, ८

बाबांच्या पलंगामागे जाळं दिसलं. फडकं आणायला वळले आणि पाय उचलेचना. मानेवरून काहीतरी चालतंय असं वाटत राहिलं. शेवटी ताईंना हाक मारली. त्यांनी जाळं उघड्या हाताने पुसलं, हात पदराला पुसला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

दमले असेन. प्रेतं गुंडाळलेली बाई मी, कोळ्याला कशाला भिईन?

मंगळवार, १२

भाऊंना तपासणीसाठी त्या नळकांड्यासारख्या मशीनमध्ये झोपायचं होतं. तीनदा पळून आले होते म्हणे. मी आत हात घालून त्यांचा हात धरला. आधी नुसते थरथरत होते, मग शांत झाले. बाहेर आले ते शीळ घालत.

परत येताना लिफ्टचं दार लागलं आणि माझ्या छातीवर कुणीतरी बसलं. चार मजले. भाऊ गाणं गुणगुणत होते. मी दारावर थापा मारत होते.

शुक्रवार, १५

सुतार आला. सगळ्या खोल्यांना दारं लागली. मी माझं दार रात्रंदिवस सताड उघडं ठेवते, मध्ये खुर्ची अडकवून.

दुपारी वहिनी आल्या. गोड हसून म्हणाल्या, जरा हात द्या ना सिस्टर, गॅलरीपर्यंत जाऊन बघते. मी म्हटलं, आज नको. मागे सरकले. त्यांनी मनगट धरलं. घट्ट. मी ओढलं, तरी सोडेनात.

आता त्या कठड्यावर रेलून कुंड्यांना पाणी घालतात. मी खिडकीकडे बघू शकत नाही.

म्हणजे वहिनींना ठाऊक होतं. ताईंनाही.

रविवार, १७

बॅग भरली. लिफ्ट नकोच. जिना उतरायला गेले तर मधली पोकळी दिसली, थेट तळापर्यंत. पहिल्याच पायरीवर बसले. बसून उतरू म्हटलं. एक पायरी. दोन. तिसरीच्या कोपऱ्यात जाळं.

ताईंनी उचलून आत आणलं. रडत होत्या. म्हणाल्या, पहिल्या दिवशी मला खरंच कळलं नव्हतं हो. दुसऱ्या दिवशी कळलं. मी विचारलं, मग परत घ्या ना. माझा हात धरा. एकदाच. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

दुपारी बाबांपाशी बसले. तेव्हा ते बोलले. त्यांना आधीपासून माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी बायकोने शेवटच्या आजारात त्यांचा हात धरला होता. ही भीती तिची. ‘मी कुणाला देणार नाही, पोरी. माझ्याबरोबर जाईल ती.’

मंगळवार, १९

भाऊंनी बाबांच्या खोलीचं दार लावलं. आतून.

वहिनींनी मला मागून खांद्यांना धरलं. भाऊंनी पांघरूण ओढलं. बाबा ओरडत होते, नको, तिला नको, मुठी आवळून— भाऊंनी एकेक बोट उलगडलं. त्यांचा हात माझ्या हातात दिला. वरून दाबून धरला.

बाबा चालतात आता. घरभर. रडत चालतात.

मी त्यांच्या पलंगावर. जमीन फार खाली आहे.

बुधवार, २०

पाय वर घेऊन बसते. दार बंद की उघडं ते बघत राहते. छतावर एक काळा ठिपका. हलला—

बाबांनी सगळ्यांना चोरून माझ्या फोनवरून धाकटीला फोन केला. सिस्टरला घेऊन जा म्हणाले. बिचारे. हाताचं सांगायचं राहिलं त्यांचं. मी फोनवर सांगायला हवं. सांगेन. फोन टेबलावर आहे. टेबल जमिनीवर—

गुरुवार, २१

धाकटी आली. धावत जिना चढून आली. वेडी.

मी हात पांघरुणाखाली घेतले. दोन्ही. शपथ.

ती म्हणाली, काय गं ही दशा, आणि पांघरुणात हात घालून माझा डावा हात शोधून काढला. म्हटलं, सोड. तिला वाटलं, तापात बोलतेय. पलंगावर बसली. कुरवाळतेय. मी उजवा बाहेर काढून वही ओढली. काय लिहितेस विचारलं तिने. औषधांची नोंद म्हटलं. सांगायचं होतं. हेच का सांगितलं—

छतावर कोळी आहे. साधा कोळी. मला हसू येतंय.

श्वास येतोय. पूर्ण, खोल. किती दिवसांनी. खिडकीत आभाळ आहे.

जमीन वर येतेय. पलंगाजवळ. आली.

तिची बोटं ढिली झाली. हात काढून घेतेय. म्हणतेय, ताई, छतावर ते काय आहे? ताई, दार कुणी लावलं? सोड ना, दुखतंय.

मीच धरलाय. घट्ट.

थोडीच उरलीय. एवढी गेली की सोडते. आता सोडते. हे एवढं वाक्य झालं की लगेच