वस्तऱ्याचं साल

८ मार्च, रविवार

दिला आणून! सत्यमनं आमच्या वडलांचा, आबांचा, जुना वस्तरा डब्यासकट माझ्या पार्लरच्या टेबलावर आदळला. "ताई, पाडव्याला सलून उघडतोय. हा भिंतीवर काचेत लावायचाय. गंज काढ, आणि साल शोधून दे. बोर्डावर टाकू — १९११ पासून, असं काहीतरी!"

माझ्याकडंच का? म्हणे तुझा हात हलका. सात वर्षांची असताना हाच डबा उघडला म्हणून आबांनी याच हातावर फटका मारला होता. "पोरीच्या जातीनं वस्तऱ्याला हात लावायचा न्हाई!" सत्यम तेव्हा पाळण्यात होता. माझ्या मात्र अजून लक्षात आहे.

९ मार्च

रॉकेलमध्ये भिजत ठेवलाय. चैन नाही. फेशियल सोडून दोनदा उठून बघून आले — गिऱ्हाईक बाई वैतागली.

आबा आतल्या खोलीत पडून. अर्धांगाच्या झटक्यानंतर जीभ वळत नाही. "न्हाई" एवढा एकच शब्द उरलाय. पाच महिन्यांची दाढी वाढलीय. सत्यमनं ट्रिमर जवळ नेला की "न्हाई" आणि मान भिंतीकडं. जन्मभर अख्ख्या कुसगावच्या दाढ्या केल्या त्या माणसानं! मला बघवत नाही.

१० मार्च

गंज सुटतोय. मी आज जेवले का? आठवत नाही.

११ मार्च

खंडाळ्याच्या बंगल्यातल्या गोऱ्या साहेबानं आबांच्या आजोबांना दिलेला, मूठ सांबरशिंगाची — लहानपणापासून आबांकडून हेच ऐकलं. आज एका व्हिडिओत बघून सुई तापवली, मुठीला आतून टोचली. शिंग असेल तर केस जळाल्याचा वास येतो म्हणे. आला प्लास्टिकचा!

सत्यमला फोन केला. "ताई, तू डोकं नको लावू. गिऱ्हाईक थोडंच सुई टोचून बघणारंय?"

१३ मार्च

इंदुरीहून कोंडाजीकाका आले, आबांना बघायला. तेही जुने कारागीर. वस्तरा हातात घेतला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि हसायलाच लागले. "अगं रेणुका, ह्यो वापरलेलाच न्हाई! दगडावर घासून घासून पातं निम्मं होतंय. ह्याचं बघ की, नव्या नवरीवानी हाय."

मग दर खंडेनवमीला याची पूजा कशाला? काका म्हणाले, "आमी नवा वस्तरा आणला की पुजायच्या आदी त्येच्यावर नाव कोरायचो. ज्येच्यासाठी घेतला त्येचं, सालासकट. मुठीत झाकलं जातंय तितं. खिळा काढून बघ."

काका गेल्यावर सरळ आबांपुढं जाऊन उभी राहिले. "कुठला साहेब? खोटं का बोललात?" त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तरी थांबावं ना! अंथरुणाला खिळलेल्या माणसावर ओरडले. आता लाज वाटतेय.

१४ मार्च

खिळा काढायला धीर होत नाही. सत्यमचं नाव असणार, दुसरं काय! ते वाचायला एवढी धडपड करायची? तिकडं त्याचा बोर्ड रंगवून झाला म्हणे.

तीनदा पक्कड हातात घेतली. तीनदा ठेवली.

१५ मार्च, रविवार

सकाळी काढला खिळा. आतलं काळं तेल पुसलं. आबांचंच अक्षर —

रेणुका. ८८.

माझ्या जन्माचं साल. सत्यम झाला पंच्याण्णवला. तोवर सात वर्षं हा माझा होता! आधी राग आला, मग रडूच फुटलं.

आबांना नाव दाखवलं. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. मूठ परत बसवली, दगडावर धार लावली, पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं. साबणाचा फेस करून जवळ गेले. "आबा, करू का दाढी?"

"न्हाई" म्हणाले नाहीत. हनुवटी वर केली.