पाठीवरचा पंप

आबा, मला नोकरी मिळते आहे. जळगावला, ड्रोनने फवारणी करणाऱ्या कंपनीत. गावोगाव सभा घ्यायच्या आणि शेतकऱ्यांना पटवून द्यायचं. बोलणं तर माझं कामच. शेतमजुरांच्या मोर्चांत माईक धरूनच मी वाढले. पण साहेबाला नुसता आवाज नको आहे. "मॅडम, वडिलांचा तो पंप आहे ना अजून? तो समोर ठेवा आणि ते कसे गेले ते सांगा. लोक लगेच तयार होतील," असं म्हणत त्याने चहा माझ्यापुढे सरकवला. मी तिथून उठायला हवं होतं. उठले नाही.

चोपड्याकडच्या शेतांत कपाशी तुमच्या डोक्यावर जायची आणि औषधाचा फवारा उलटून तोंडावर यायचा. विषाला औषध म्हणायला आपल्याला कोणी शिकवलं? संध्याकाळी तुम्ही अंगणात यायचात, मी धावायचे आणि तुम्ही ओरडायचात, "मांगे सरक! आंग धोयेल नही आजून." विष अंगात भिनल्यावर धुळ्याच्या दवाखान्यात नर्सने तुम्हाला पुसून स्वच्छ केलं होतं. तरी मी हात पुढे केला तेव्हा तुम्ही तेच पुटपुटलात. तुमचं शेवटचं बोलणं ते.

कुठल्याही बापाला लेकीशी असं बोलावं लागू नये, म्हणून यंत्र आलंच पाहिजे, हे मी शेजारच्या काकांना सांगितलं. तुमचे फवारणीचे जोडीदार. ते अजून पंप वाहतात.

"काका, डोळे बघा तुमचे, लालभडक झालेत."

"डोया जयतसच, अक्का. पोटबी जयस ना! तुन्हं यंत्र उडी, मंग आम्ही काय वारा खावाना?"

डोळे जळतात तसं पोटही जळतं, हे ऐकून गल्ली हसली. मी कंपनीत विचारलं, या माणसांना ड्रोन चालवायला शिकवाल का? साहेब म्हणाला, दहावी पास लागतो, शिवाय यांचं वय झालं. सभेत असं कोणी बोललं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. इथे मान हलवली. विष माणसाच्या पाठीवरून उतरतं आहे आणि त्याच्याबरोबर भाकरीही जाते आहे. दोन्ही खरं आहे. मी सही केली.

उद्या पहिली सभा. काका पुढेच बसतील. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: पंप मी गाडीत ठेवला आहे. उचलताना त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. तुम्ही स्वतःला तसं कधी धरू दिलं नाहीत. त्यानंतर बराच वेळ मी हात धुतले नाहीत.