एका हाताचा बुधवार

प्रिय आर्डिसताईस,

धाकट्या लव्हॉनचा नमस्कार, आणि लाइलचाही. (माझा नवरा नेहमीसारखा गॅरेजात आहे, पण विचारलं असतं तर 'सांग' म्हणाला असता.)

तब्येत कशी आहे ते विचारत नाही. विचारलं की तू 'वाईट नाही' म्हणतेस, आणि आपल्या घरात पाय मोडला तरी 'वाईट नाही'च म्हणतात. वसंतात तुला झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेव्हाही तू अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला हेच सांगितलंस. मग घरी येणाऱ्या थेरपीवाल्या पोरीने भोकांत खुंट्या घालायला दिल्या, तर 'मी काय बालवाडीत आहे का?' म्हणून तिचा कोट तिच्या हातात देऊन तिला घालवलंस. तेव्हापासून दार बंद. आणि आता आईचं बटाट्याच्या पोळ्यांचं, लेफ्साचं, लाटणं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला देऊन टाकलंस म्हणे. त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही.

मी बरी आहे. टर्कीचा कारखाना बंद झाल्यावर मी ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट व्हायला निघाले, हे तुला माहीत आहेच. (तू 'आता या वयात?' म्हणाली होतीस, तेही माझ्या लक्षात आहे.) आजारी माणसाला आपली रोजची कामं परत आपल्या हातांनी करता यावीत, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं. पण त्यातली मुख्य विद्या म्हणजे आपले हात आवरणं, आणि मी पडले चार पोरं वाढवलेली बाई! सराव परीक्षेत एक आजोबा शर्टाचं बटण लावत होते. बिचारे घामाघूम झालेले. मी बघत राहिले, बघत राहिले, आणि मग काय झालं देव जाणे, बटण लागलेलं होतं, कॉलर नीट झालेली होती आणि मी त्यांचं नाकही पुसलं होतं. होल्टेबाईंनी (आमच्या मास्तरीणबाई, माझ्या थोरलीपेक्षा लहान) मला नापास केलं. "लव्हॉन, हात पाठीमागे," एवढंच म्हणाल्या. खऱ्या परीक्षेत पुन्हा असं केलं तर कोर्समधून नाव कटलंच समज.

त्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला गृहपाठ दिला: एक अख्खा दिवस उजवा हात पोटाशी बांधून राहायचं. मी बुधवारी बांधला. ब्रेसियरच्या हुकाचं काय झालं ते लिहीत नाही, कारण पोस्टातला अर्विन पाकिटं उजेडाला धरून बघतो. तशीच दुकानात गेले. गल्ल्यावर मार्लिस. आपलं गाव तुला माहीत आहे, तोंडावर कुणी काही विचारेल तर शपथ. तिने माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं, "आज वारा आहे, नाही?" म्हणाली, आणि माझी पाठ वळायच्या आत फोन उचलला. संध्याकाळपर्यंत दारात हॉटडिशची रांग! नूडल्सची, टर्कीची, वर बटाट्याचे गोळे लावलेली, ओव्हनमधून काढून थेट आमच्याकडे, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. फोनवर कुणी लाइलला माझी विचारपूस केली, तर हा म्हणतो, "सकाळपेक्षा बरं जमतंय तिला." आणि ठेवून दिला! मग पास्टर गुंडरसन आले. त्यांना खरं सांगणार, तोच त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि प्रार्थनेत मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही. संपेस्तोवर त्यांचेच डोळे भरून आले होते, मग मला सांगायचा धीर होईना. रविवारी चर्चमध्ये मी विसरून उजव्या हाताने कॉफीचा कप उचलला आणि मार्लिसच्या हातून केकचा ट्रे पडला. तेव्हा सगळं सांगावं लागलं. कुणी रागावलं नाही. "वेगळंच आहे हं हे," एवढंच म्हणाले. म्हणजे किती रागावलेत ते तुला कळेल.

पण ताई, एक गोष्ट मनाला फार लागली. त्या दिवशी ज्याने त्याने माझ्या हातातलं काढून घेतलं. मार्लिसने अंडी घेतली, पास्टरनी माझी कॉफी ढवळली, लाइलने माझ्या ताटातलं मांस बारीक बारीक कापून ठेवलं. सगळ्यांनी प्रेमानेच. आणि मला इतका संताप आला की बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तू दार का लावून घेतलंस ते मला तिथे कळलं.

असो. इकडची काळजी करू नकोस. मला तुझ्याकडून काही नको आहे.

तुझी,
लव्हॉन

ता.क. लोकांची भांडी घासून ओट्यावर ठेवली आहेत. रिकामी परत करायची सोय नाही, आणि एवढं झाल्यावर साधा केक घालून देणं बरं दिसणार नाही. लेफ्साच हवी. मी केल्या. तव्यापर्यंत एकही अख्खी पोचली नाही. लाइल चार दिवस मुकाट्याने तुकडे खातोय.

आणखी ता.क. आईचं लाटणं माझ्याकडे आहे. विक्रीत मार्लिसच्या नणंदेच्या हातून ओढून घेतलं. पोळपाटाखाली ओला टॉवेल घातला की पाट हलत नाही, आणि लाटण्याच्या मधोमध तळवा ठेवून एका हाताने लाटता येतं. डाव्याने करून पाहिलंय. उलटायच्या काठीला तर पहिल्यापासून एकच हात लागतो. पण बटाट्यात पीठ किती झालं म्हणजे पुरे, हे तुझ्या बोटांना कळतं. माझ्या दोन्ही हातांना मिळून कळत नाही.

शेवटचा ता.क. परीक्षेला खरा माणूस आणायचा आणि त्याचं खरं काम त्याच्याकडून होऊ द्यायचं, असं होल्टेबाईंनी सांगितलंय. मी तुझं नाव दिलेलं नाही. (पेन्सिलने लिहिलंय.) शनिवारी लाइल गाडी घेऊन येईल. गाडीचं दार उघडायचं नाही, कोट धरायचा नाही, असं त्याला बजावलंय. मी ओट्याशी हात पाठीमागे घेऊन उभी असेन. तरीही माझा हात पुढे आलाच, तर लाटणं तुझ्यासमोर असेल. हाण डाव्या हाताने.