मुळाशिवायचा नमुना

श्री. विनायक दत्तात्रय जनवाडकर,

हजेरी घेताना तुम्ही प्रत्येकाचे पूर्ण नाव घेत होता. माझे नाव आले की आडनावापूर्वी किंचित थांबत होता, वाटेत काही ओलांडायचे असावे तसे. मी तुमचे नाव न थांबता लिहिले आहे.

तुमची मुलगी या हिवाळ्यात गेली. बिदरचे हे घर तुमच्यामागे कायद्याने तिचे होते, म्हणून आता माझे म्हणतात. मला ते नको आहे. तुमच्या पुतण्याच्या नावे करून दिले. त्याने चाव्या हातात ठेवल्या. "अक्काचं काही राहिलं असंल तर बघून घ्या," म्हणाला, आणि पायरी उतरता उतरता, "काका म्हणलेच होते बघा, खाली न्हाई जगायची ती." म्हणून तुमच्याच मेजाशी बसून हे लिहितो आहे. ओसरीच्या पुढे मी आज प्रथमच आलो.

समोरच्या भिंतीवर ते फूल अजून आहे. हिमालयाच्या सहलीहून तुम्ही आणलेले जेन्शियन, काचेखाली दाबलेले. निळेपण उडून आता चहाच्या डागासारखे झाले आहे. मी मागणी घालायला आलो, तेव्हा तुम्ही मला बसायला सांगितले नाहीत. माझ्याकडे न पाहता दारातून या चौकटीकडे बोट केलेत. "तेरा हजार फुटांवरची वनस्पती आहे ही. खाली आणली की मरते. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आहेस, अधिक सांगायला नको." आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केले, औरादला राहिलो, आणि तुमचे दार तिला बंद झाले. तिने तुमच्या वाक्याची थट्टा करून टाकली. साधी शिंक आली तरी म्हणे, "अप्पा म्हणलेच होते, खाली आणलं की मरतंय. च्या ठेवा, मरायच्या आत पिते." बाजारातून पिशव्या ओढत आली की दारातच बसे. "बघायलाव काय? तेरा हजार फुटांवरनं आलेय, पानी द्या की." या हिवाळ्यात ताप आला आणि ती काहीच म्हणाली नाही. डॉक्टरांच्या आधी मला तेव्हाच कळले.

आता शास्त्राविषयी. ते तरी तुम्हाला येत होते, असा माझा समज होता. ही वनस्पती उंचावर राहते ती श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे. ती जेमतेम बोटभर. खाली गुडघाभर गवत तिला सूर्यही दिसू देणार नाही. जिथे दुसरे फारसे कोणी टिकत नाही तिथे ती उरते, एवढेच तिचे मोठेपण. ढगाची सावली पडली तरी फूल मिटून घेते, आणि तुम्ही तिच्या तेजाविषयी तासभर बोलत होता. खालच्या उष्ण रात्रींत तिचा अन्नसाठा जळून जातो, हे खरे. त्यात खालच्या मातीचा कसला कमीपणा? हा धडा मी औरादच्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवला. चुकीचे उदाहरण म्हणून तुमचे नाव कधी घेतले नाही, ही माझी सभ्यता.

पदवीच्या पहिल्या वर्षी मी बांधावरचे एक रोप वाळवून आणले होते. उपटताना मूळ तुटले होते. तो कागद तुम्ही साऱ्या वर्गापुढे धरलात. "बहुवर्षायू वनस्पती वरून दरवर्षी मरते, जगते ती मुळात. मूळच नाही तर ओळख कशी पटायची? की मूळ दाखवायची लाज वाटते?" वर्ग हसला. तुमची मुलगी त्याच वर्गात होती. ती हसली नाही. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "कामून गप बसलाव? उद्या अख्खं झाड उपटून आणा आन् मातीसकट ठेवा त्यांच्या टेबलावर." मी आणले नाही.

आज चौकट खाली उतरवली. काच तडकलेली होती, मागचा पुठ्ठा हातातच आला. फुलाचा खालचा भाग इतकी वर्षे लाकडी पट्टीआड होता. देठ कात्रीने सरळ कापलेला आहे. मूळ नाही. तुम्ही केवळ फूल खुडून आणलेत, जनवाडकर, आणि त्याच्या बळावर आम्हाला मुळे विचारलीत. ते मूळ तिकडेच राहिले असणार, बर्फाखाली. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा फूल दिले असेल, तुमच्यावाचून.

हे पत्र त्या पुठ्ठ्यामागे ठेवण्याचा विचार होता. ठेवत नाही, कारण एक गोष्ट लिहायची राहिली आहे आणि ती तुमच्या भिंतीवर असू नये. आधीच्या वर्षांत ती तापातही थट्टा करायची, तेव्हा मी हसायचो. मग आत जाऊन चहाचे आधण ठेवताना तुम्हालाच विनवायचो, की सर, एवढे एक तुमचे चुकू द्या. शेवटच्या दिवशीही तुम्हालाच विनवले. सर म्हणालो.

चौकट होती तशी टांगली आहे. आता पत्र खिशात घालतो, दाराला कुलूप लावतो आणि चाव्या तुमच्या पुतण्याला परत करतो.