बॉडी तयार आहे

मु. हिरडीटोला, ता. गोरेगाव, जि. गोंदिया
कोजागिरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप मनिराम भाऊजी यांच्या चरणी धाकटा साळा योगराजचा साष्टांग नमस्कार.

इकडं सर्व खुशाल. मीही खुशाल आहे, पण ते आपण गेल्या मंगळवारी डोळ्यांनी पाहून, हातानं चाचपून आणि शेवटी पाठीत एक बुक्की घालून खात्री करून गेलातच. निर्मलाताईचा घसा उघडला का? आमगावपासून आमच्या गावापर्यंत सलग रडत येणं सोपं नाही. ओवा टाकून गरम पाणी द्यावं. जाताना तिनं बजावलं, की यापुढं फोन करशील त खबरदार, जे सांगायचं ते लिहून पाठव, अन् पूर्ण लिही. म्हणून हा पत्रप्रपंच. बारावीनंतर एवढं लिहिण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा अक्षराला हसू नये.

विषय तोच आहे, गाडीला बंद बॉडी बसवावी की नको. (भाऊजी, पत्र खाली ठेवू नका. बॉडी म्हणजे पिकअपच्या मागच्या उघड्या डाल्यावर बसवतात तो पत्र्याचा डबा, मागं दार आणि कडी असलेला. दुसरं काही नाही. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं, हे मान्य.) गोंदियाचे चुन्नीलाल शेठ म्हणतात, डबा बसव, मग चिवडा-फरसाणाची पाकिटं देवरीपर्यंतच्या दुकानांत पोचवायचं बाराही महिन्यांचं काम तुझं. उघड्या गाडीत ते द्यायला तयार नाहीत. वरून पाऊस आणि जंगलाच्या रस्त्याला माकडं, असं त्यांचं म्हणणं, आणि माकडांबाबत ते बरोबर आहेत. पण डबा बसवला की धानाचं तणीस, म्हणजे पेंढा, भरता येत नाही, मांडवाचे बांबू नेता येत नाहीत, नाटकाच्या स्टेजचं सामान बसत नाही. शेठचं काम बारमाही आणि गावाचं काम अडीअडचणीचं. सकाळी वाटे बसवावी, आंघोळ झाली की वाटे नको, जेवताना पुन्हा बसवावी. दोन महिने मी टेप घेऊन गाडीभोवती फिरून राहिलो. भाग्यश्रीनं टेप लपवला, तर तिच्या ओढणीनं मोजलं. ती म्हणते, मला पाहायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला, आणि एका पत्र्याच्या डब्यासाठी दोन महिने! (मी म्हटलं, तो तरी कुठं विचार करून दिला होता? त्या दिवशीपासून मला फिकी भाजी आहे.)

शेवटी एका सकाळी धीर करून सडक अर्जुनीला भोजराज मिस्त्रीकडं गेलो आणि माप देऊन आलो. घरी पोचेपर्यंत पस्तावलो. फोन करून सांगितलं, बनवून ठेव, बसवायचं मागाहून पाहू. मग तो रोज रंग विचारू लागला. निळा म्हणावा की पांढरा, हे काही ठरेना, म्हणून मी फोन बंद करून ठेवला. माझा लागला नाही तर लावायला मी त्याला आपला नंबर देऊन ठेवला होता. इथंच घोटाळा झाला.

भोजराजनं आपल्याला जे सांगितलं त्यात एक शब्द खोटा नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगणं भाग आहे. योगराजभाऊची बॉडी तयार आहे. दोन दिवसांपासून इथं पडून आहे. जरा लांब निघाली, चार बोटं कापून देतो. पाणी आलं त खराब होईन, लवकर उचलून न्या. (आपण म्हणे कसंबसं 'चेहरा?' एवढंच विचारलंत, आणि तो म्हणाला, समोरून एकदम मस्त आहे, मागूनच काम बाकी आहे.) यावर ताईनं हंबरडा फोडला नसता तर ती बहीण कसली! तिनं आमच्या शेजारच्या इंद्रकुमारकाकांना फोन केला आणि अर्ध्या घंट्यात गाव आमच्या दारात जमा झालं. भाग्यश्री शेतात हलका धान कापत होती, तिच्याकडं कोणी जायला धजेना. इथवर आपल्याला ठाऊक आहे. पुढचं माझ्या बाजूचं आपण ऐकून घेतलंच नाही, बुक्की आधी घातलीत.

मी गोरेगावच्या बाजारातून परत येऊन राहिलो होतो. गावाच्या तोंडाशी इंद्रकुमारकाका उभे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी तेवढी आवाजावरून ओळखतात, माणूस नाही. म्हणाले, पिकअप आहे ना? आमच्या आळीत मयत झाली, जा, बांबू घेऊन ये. आता आपल्या गावाची रीत आपल्याला माहीत आहे, गाडीवाल्यानं आधी बांबू आणायचे, कोण गेलं ते मागाहून विचारायचं. मी समजलो, जंगलूबाबा गेले, ते आखाडापासून आजारीच आहेत. गाडी वळवली. बाबा भला माणूस, म्हणून बांबू चांगले सरळ निवडले, गोवऱ्या कोरड्या पाहून घेतल्या, डाल्याबाहेर निघालेल्या टोकांना लाल फडकं बांधलं आणि गंभीर चेहऱ्यानं आळीत आलो. पाहतो तर गर्दी माझ्याच दारात! आणि सगळ्यांच्या मागं खुद्द जंगलूबाबा डोळ्यांना दुपट्टा लावून बसलेले. मी त्यांनाच विचारलं, बाबा, कोण गेलं? त्यांनी वर न पाहता सांगितलं, 'आपला योगराज गेला ना रे, बापा!' आणि माझ्याच खांद्यावर डोकं टेकून रडू लागले. खोटं कशाला बोलू, भाऊजी, मलाही रडू आलं. आम्ही दोघं बराच वेळ रडलो. आपली जीप आली ती त्याच वेळी, आणि नंतर बुक्की.

आई मात्र ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिला ऐकायला कमी येतं. बाया गळ्यात पडून सांगत, 'नंदाबाई, योगराजची बॉडी येऊन रायली वो!' आणि ती म्हणे, 'बोडी कशी येईन? बोडीवर आपल्यालेच जा लागते.' (आपला मोनू आता पुण्याला शिकतो, पत्र त्याच्या हाती पडलं तर म्हणून लिहितो, बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं, जिथं तो चौथीत असताना चप्पल हरवून आला होता.) दोन बायांनी तर हे अध्यात्म समजून तिला हात जोडले.

सगळे चहा पिऊन गेल्यावर आई उठली आणि गाडीत मागं चढून त्या बांबूंवरच बसली. म्हणाली, 'सारा गाव बोडी बोडी करून रायला, चाल, मले बोडीवर ने.' नेलं. समोर बसली की तिला गाडी लागते, उलट्या होतात, हे आपल्याला माहीत आहे. वडील गेल्यापासून तिचं फिरणं म्हणजे वर्षातून एकदा आपल्याकडं दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला, आणि तेही उघड्या डाल्यात सतरंजी टाकून, पदर उडवत, रस्त्यानं भेटेल त्याला हात करत. (गाडीत मागं माणूस बसवायचा कायदा नाही, हे मला ठाऊक आहे. आईला तो कायदा कोणी सांगायचा ते सांगा.) बोडीवर पाण्याकडं पाहत ती म्हणाली, 'तू गाडीले टोपन घालून रायला मन्ते. मंग मी कोठं बसू रे?' दोन महिने मी लांबी मोजली, उंची मोजली, पत्र्याची जाडी मोजली, आणि आई मोजायची राहिली. फार वाईट वाटलं.

पण शेठही दिवाळीच्या आत हो की नाही ते सांग म्हणतात, आणि असं बारमाही काम दाराशी पुन्हा येत नाही. भाग्यश्री म्हणते, कोणतंही करा, पण करा. माझं इकडं बसणं नाही, तिकडं बसणं नाही. हे पत्रही मी चार जागी बसून लिहिलं. आपण वडीलधारे आहात. बॉडी बसव म्हणाल तर बसवतो, नको म्हणाल तर नको. आपला शब्द शेवटचा. ताईला नमस्कार, मोनूला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (आणि हयात),
योगराज

ता.क. पत्र घडी करता करता राहवलं नाही, गोंदियाला जाऊन शेठला नाही म्हणून सांगून आलो. तरी आपला सल्ला मी मनापासूनच मागितला आहे, फक्त तो आता 'नको' असाच द्यावा. खरी विनंती वेगळीच आहे. झालेली बॉडी भोजराज परत घेत नाही. ती आपल्या अंगणात ठेवावी. माझ्या अंगणात राहिली तर मी पुन्हा टेप काढीन, असं भाग्यश्री म्हणते आणि ते खरं आहे. भोजराज गुरुवारी टेम्पोनं आणून टाकतो आहे. शेजाऱ्यांना आधीच कल्पना द्यावी, म्हणजे योगराजची बॉडी आली असं गल्लीतून कोणी ओरडणार नाही.

ता.क. २. रंगाचं मी काही सांगितलं नाही म्हणून पेंटरनं स्वतःच्या मनानं पांढरा दिला आहे, आणि मागच्या दारावर माझं नाव लिहून खाली 'फिर मिलेंगे' काढलं आहे. ती बाजू ताईला दिसणार नाही अशी भिंतीकडं करून ठेवावी.

ता.क. ३. हे सगळं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिला अजूनही बोडीच ऐकू येते. ती म्हणते, मनिरामले सांग, उलटी ठेव मनावं, पाण्यानं भर, अन् शिंगाडे लाव. मी मंडईले मांगं बसून येतो अन् सोलून खातो.