मूठ मागे येत नाही

२ जानेवारी २०१२, सोम.

पोलिसांकडून गाडी परत आली. हेडलाइट फुटलाय, हँडल डावीकडे वाकलंय, इंजिनाला मात्र ओरखडा नाही. आई गेली आणि ही धडधाकट. पार्किंगच्या कोपऱ्यात लावून वर ताडपत्री टाकली. बाबा खाली उतरलेच नाहीत. गॅलरीतूनच म्हणाले, भंगारवाल्याला बोलव. मी नाही म्हटलं.

कारण धाकटा नितेश हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्या जे बोलला ते मी एकटीने ऐकलंय. "ताय, मूठ सोडली तरी रेस उतरंना."

४ जाने., बुध.

रजेच्या सहीसाठी ऑफिसात जाऊन आले. सगळे हळू आवाजात बोलतात. कसं झालं, विचारतात. काय सांगणार? रोज पहाटे मासळीचा टेम्पो यायच्या आत नि. आईला बाजारात सोडायचा, तसाच त्या दिवशी निघाला. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडी दुभाजकावर गेली. याचा खांदा निखळला. ती जागीच.

बाबांच्या मते पोरगा गाडी उडवत होता. तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलंय. हॉस्पिटलात एकदाच बोलले, "क्लच नव्हता कं गाडीला?" त्यावर नि.ने मान खाली घातली ती अजून वर केलेली नाही. क्लच दाबायला हवा होता हे खरंच. पण मागे आई बसलेली असताना माणसाला काय सुचतं आणि काय नाही, मला नाही सांगता येणार.

७ जाने., शनि.

नाक्यावरचे हनीफभाई दुपारी जेवून आले. हँडल सरळ केलं. मग कार्बोरेटर उघडला, आतला पिस्टन पुसून उजेडात धरला, स्प्रिंग ताणून बघितली. परत जोडून गाडी चालू केली, मूठ पिळली, सोडली, ती जागेवर. टक. पिळली, सोडली, टक. मी म्हटलं, अजून एकदा. त्यांनी बिचाऱ्यांनी कितीतरी वेळा केलं.

शेवटी हात पुसत म्हणाले, "ताई, खुदा कसम, खोट निघाली असती तर मलाच बरं वाटलं असतं. गाडी साफ आहे."

मान वर केली तर बाबा गॅलरीत. सगळं ऐकलेलं. जेवताना एवढंच म्हणाले, "आयकलंस?"

८ जाने., रवि.

दुपारी मीच बसले गाडीपाशी. मला स्कूटीच्या पलीकडे काही येत नाही. तरी पिळत बसले. हँडल पूर्ण डावीकडे वळवून, पूर्ण उजवीकडे वळवून. टक, टक. सोसायटीतले लोक येता-जाता बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दर्शना, मन रमव कशाततरी. मनात म्हटलं, रमवतेच आहे की.

११ जाने., बुध.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर शोधलं. रेस अडकते ती तीन ठिकाणी: मूठ, मुठीपासून कार्बोरेटरपर्यंतची वायर, नाहीतर कार्बोरेटरच. कार्बोरेटर हनीफभाईंनी बघितला. राहिली मूठ आणि वायर. पण अडकतच नाही तर शोधणार काय, कपाळ?

आईची आठवण आज फार आली. तिने मला वेड्यात काढलं असतं. म्हणाली असती, बाजार उठला, आता कसला भाव करतेस.

१२ जाने., गुरु.

नि.ला सगळं सांगायला त्याच्या खोलीत गेले. हनीफभाई काय म्हणाले, मी काय वाचलं. तो भिंतीकडे बघत होता. म्हणाला, "सोड ना ताय. माझीच चूक व्हती."

"मग हॉस्पिटलात काय बोललास?"

"काय बोललो आठवत नाय."

खोटं बोलतोय. पण का? स्वतःवर ओढून घ्यायची कसली ही हौस. गुजरातेत कुठल्याशा बंदरावर सुपरवायझरची जागा आहे, मित्राने सांगितलीय. हात गळ्यातून निघाला की जाणार म्हणे. बाबांना मी सांगितलं. बाबा टीव्ही बघत राहिले.

खरंच उडवत असेल का? आज पहिल्यांदाच हा विचार मनात आला. लिहायचा नव्हता.

१५ जाने., रवि.

संक्रांत. यंदा सण नाहीच.

पहाटे वाऱ्याने ताडपत्री फडफडत होती म्हणून शाल गुंडाळून खाली गेले. बरीच थंडी. ताडपत्री बांधता बांधता हात मुठीवर गेला. पिळली, सोडली.

मूठ मागे आली नाही.

तिथेच राहिली. हाताने लोटली तेव्हा गेली. परत पिळली, परत राहिली. तिथेच पायरीवर बसले. मग धावत वर. नि.ला हलवून उठवलं, चल खाली, बघ. तो पांघरूण ओढून म्हणाला, मना नाय बघायची. बाबांना म्हटलं, तर आंघोळ, देवपूजा, चहा. ते खाली येईपर्यंत पार्किंगमध्ये चांगलं ऊन आलं होतं. मी त्यांच्यासमोर मूठ पिळली. टक.

बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून वर गेले. ओरडले असते तर परवडलं असतं.

१७ जाने., मंगळ.

पहाटे अडकते. ऊन आलं की सुटते. काल, आज, दोन्ही दिवस तेच. हनीफभाई दुपारी आले होते आणि मीही दुपारीच बसायचे. आई तर पहाटेच निघायची.

आज तांब्याभर कढत पाणी नेलं. अडकलेली असतानाच वायरच्या काळ्या नळीवर धार धरली. थोड्या वेळाने मूठ आपोआप सरकली. म्हणजे मूठ नव्हे, कार्बोरेटर नव्हे. वायर. कितीतरी दिवसांनी भूक लागली.

२२ जाने., रवि.

पहाटेच पाना घेऊन बसले. मुठीचे स्क्रू काढून वायरचं टोक सोडवलं. वायर निघाल्यावर मूठ गरगर फिरते. वायर मात्र नळीत घट्ट. खालून कार्बोरेटरकडचं टोकही काढलं आणि वायर अख्खी बाहेर घेतली. आतली तार जेवढी ओढता आली तेवढी ओढली. तारेवर पांढरट, मेणचट थर, धुळीने काळा पडलेला. बोटांत घेऊन चोळला तर विरघळला.

वास ओळखीचा. खोबरेल तेल.

मोरीतली बाटली रोज सकाळी मीच गरम पाण्यात धरते आणि तरी डोक्यात आलं नाही. थंडीत गोठतं हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक. वायरीत कोण घालेल खोबरेल? असं विचारत विचारत जिना चढले आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत उत्तर माहीत होतं.

आमच्याकडे दाराची बिजागरी कुरकुरली तर खोबरेल. कुलूप, कपाटाचा खण, आईची सुरी, सगळ्याला खोबरेल. बाबा म्हणजे उभा जन्म मोरा बंदरात होडीवर काढलेला माणूस. घरात बसून हातांना काम नाही. काहीतरी घासत, पुसत, तेल घालत बसतो.

दुपारी बाबा झोपल्यावर नि.ला तार दाखवली. त्याने हातातही घेतली नाही.

"ही फेकून दे," म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

मग त्याने सांगितलं. दिवाळीच्या सुमाराला त्यानेच बाबांजवळ कुरकुर केली होती, मूठ जड लागते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ लोण्यासारखी. बाबा किती खूश होते. हॉस्पिटलात पडल्या पडल्या हे सगळं त्याच्या ध्यानात आलं, आणि त्या दिवसापासून तो माझीच चूक म्हणायला लागला.

"बाबांना सांगू नको. मना चालतंय तसंच राहूं दे."

मला नाही चालत, म्हटलं. रडू फुटलं, रागही आला. बाबांचा, त्याचा, त्या बाटलीचा. आईचाही आला, का ते कळत नाही. नि. म्हणाला, मी जातोच आहे, तुला त्यांच्याबरोबर राहायचंय. हे बरं आहे. स्वतः जायचं आणि मला इथे कोंडून ठेवायचं.

२५ जाने., बुध.

नवी वायर आणली, मीच घातली. नळी कुठे दबत नाही ना, हँडल वळवल्यावर ताण येत नाही ना, सगळं बघितलं. आज पहाटे थंडी होती. पिळली, सोडली. टक.

दुरुस्त झाली. कोणाला सांगू? कितीतरी पहाटे मी याच एका आवाजासाठी जिना उतरले आणि आता तो ऐकवत नाही.

२९ जाने., रवि.

नि. गेला. स्टँडवर सोडायला मी एकटीच. निघताना बाबांच्या खोलीच्या दारात उभा राहिला, जातो म्हणाला. बाबांनी पेपरचं पान उलटलं. त्याक्षणी तोंडापर्यंत आलं होतं. नि.ने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी गिळलं.

एसटी सुटताना खिडकीतून म्हणाला, बाबांची गोळी विसरू नको. मूर्ख.

१ फेब्रु., बुध.

घरात दोन माणसं. बाबा जेवतात, औषध घेतात. आज शेजारच्या काकांना सांगत होते, पोरगं आयशीला खाऊन गेलं. मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं आपटलं, त्यापलीकडे काही केलं नाही. नि. तिकडे सुटला असेल असं नाही. रोज फोन करतो, हवापाण्याचं बोलतो आणि शेवटी विचारतो, काही बोलले का?

नाही बोलले.

५ फेब्रु., रवि.

सकाळी दूध घेऊन येत होते तर बाबा पार्किंगमध्ये. इतक्या दिवसांत गाडीला हात लावला नव्हता. ताडपत्री बाजूला करून उभे. मूठ पिळली, सोडली. परत पिळली. मग हँडलपासून खाली नव्या वायरवरून बोट फिरवत गेले.

मला बघितलं. म्हणाले, "वायर तू बदलली?"

हो म्हटलं.

"जुनीला काय झाल्तं?"

खराब झाली होती, म्हटलं. दूध नासेल, वर चला, म्हटलं. ते माझ्यामागून जिना चढले. प्रत्येक मजल्यावर थांबत.

आता बाहेर खुर्चीत बसलेत. टीव्ही लावलेला नाही, पेपर घेतलेला नाही. मी चहाच्या निमित्ताने आत आले आणि ओट्यापाशी उभी राहून हे लिहितेय. सांगितलं तर नि. सुटतो, उद्या त्याला घरी बोलावता येतं. आणि या माणसाचं काय होईल? आईला जाऊन दोन महिनेही नाहीत. गप्प बसले तर मरेपर्यंत पोराला शिव्या देईल आणि मी लाटणी आपटत बसेन. नि.ला फोन लावला, उचलत नाही.

चहा उकळून उकळून काळा झालाय.

बाबांनी हाक मारली. "दर्शू, जुनी वायर टाकली नाय ना? आण जरा इथं."

टाकलेली नाही. माझ्या कपाटात आहे.

आलेच, म्हटलं.